मेथॅनॉल-पाणी वेगळं करायचा कंटिन्युअस कॉलम: १८ ट्रे पुरतील का?

कुरकुंभकर

नमस्कार मंडळी. बल्क ड्रगच्या मदर लिकरमधून (स्फटिक गाळून घेतल्यावर उरणारा द्रव) मेथॅनॉल काढायला सध्या बॅच कॉलम (एकेका घाण्याने चालणारा ऊर्ध्वपातनाचा मनोरा) आहे. त्याच्या जागी कंटिन्युअस कॉलम टाकायचाय, जागा कुरकुंभ एमआयडीसी. फीड ताशी २००० किलो, त्यात वजनाने ४० टक्के मेथॅनॉल आणि बाकी पाणी. वरून ९९ टक्के मेथॅनॉल हवं, कारण ते त्याच स्टेपला परत वापरायचंय. खालच्या पाण्यात जास्तीत जास्त ०.५ टक्के चालेल असं धरलंय. व्हॅक्यूम वगैरे नाही.

माझा हिशेब असा. सापेक्ष बाष्पशीलता (मेथॅनॉल पाण्यापेक्षा किती पटीने सहज वाफेत जातं) वरच्या टोकाला २.४५ आणि तळाला ७.५, म्हणून भूमितीय सरासरी ४.३ घेतली. फेन्स्केच्या सूत्राने किमान पायऱ्या (वाफ आणि द्रव समतोलाला येतात असे आदर्श टप्पे) ६.८ आल्या. किमान रिफ्लक्स (वरून परत कॉलममध्ये सोडलेला द्रव भागिले काढलेला माल) १.०६, त्याच्या दीडपट म्हणून रिफ्लक्स १.६ ठेवला. गिलिलँडच्या आलेखावरून १३ पायऱ्या, त्यात रिबॉयलरची (तळाचा द्रव उकळणारा भाग) एक. राहिलेल्या १२ ला ७० टक्के कार्यक्षमता लावली की १८ ट्रे. व्हेंडरचं कोटेशन ६०० मिमी व्यास आणि २० ट्रेचं आलंय, म्हणजे दोन जास्तच.

ऑर्डर द्यायच्या आधी विचारतोय: १८-२० पुरतील का? फीड कितव्या ट्रेवर? आणि एवढ्या व्यासाला ट्रे बरे की पॅकिंग (ताटांऐवजी आत भरायचा पत्रा)?

---

समतोलरेषा

सरासरी बाष्पशीलता बेंझीन-टोल्युइनला खपून जाते, कारण तिथे ती कॉलमभर फारशी हलत नाही. मेथॅनॉल-पाण्यात ती वरून खाली तिप्पट होते, मग सरासरी काढायची तरी कशाची? समतोलाचे मोजलेले आकडे घ्या, आलेख कागद घ्या आणि मॅकेब-थीलेची पद्धत (समतोलाच्या वक्राखाली पायऱ्या काढून मोजायच्या) वापरा. पद्धत १९२५ ची आहे, पण दोन घटकांसाठी आजही तिच्याइतकं काही डोळ्यांना दिसत नाही. सिम्युलेटर नंतर चालवा.

आधी मोलमध्ये या. मेथॅनॉल ८०० किलो म्हणजे २४.९७ किलोमोल, पाणी १२०० किलो म्हणजे ६६.६१ किलोमोल. फीड एकूण ९१.६ किलोमोल, मेथॅनॉलचा मोल अंश ०.२७३. वरचं ९९ टक्के वजनी म्हणजे मोल अंश ०.९८२, खालचं ०.५ टक्के वजनी म्हणजे ०.००२८. वस्तुमानाच्या ताळेबंदातून वरून ताशी ८०२ किलो (२५.२ किलोमोल), खालून ११९८ किलो (६६.४ किलोमोल).

एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला द्रवातला अंश आणि त्याच्याशी समतोलात असलेल्या वाफेतला अंश अशा जोड्या: ०.०२ ला ०.१३४, ०.०४ ला ०.२३०, ०.१० ला ०.४१८, ०.२० ला ०.५७९, ०.३० ला ०.६६५, ०.४० ला ०.७२९, ०.५० ला ०.७७९, ०.६० ला ०.८२५, ०.७० ला ०.८७०, ०.८० ला ०.९१५, ०.९० ला ०.९५८, ०.९५ ला ०.९७९. वक्र खाली पोट फुगलेला आणि वर कर्णाला चिकटत गेलेला आहे, ते लक्षात ठेवा. सगळा खर्च त्या वरच्या चिकटलेल्या भागात होतो.

फीड उत्कलनबिंदूवर, म्हणजे साधारण ७९ अंशांवर धरलं तर फीडची रेषा उभी येते आणि वक्राला ०.६४४ वर छेदते. किमान रिफ्लक्स = (०.९८२ − ०.६४४) ÷ (०.६४४ − ०.२७३) = ०.९१. तुमचा १.०६ इथेच फुगला. वर कुठे रेषा वक्राला आधीच टेकत नाही ना तेही पाहा. या मिश्रणात टेकत नाही. इथेनॉल-पाण्यात टेकते आणि तिथे हे सूत्र फसवतं.

रिफ्लक्स १.३ घ्या. वरच्या भागाची रेषा: वाय = ०.५६५ एक्स + ०.४२७. खालच्या भागाची: वाय = २.१४३ एक्स − ०.००३२. आता वरून पायऱ्या उतरा. प्रत्येक पायरीवरच्या द्रवातलं मेथॅनॉल असं येतं: ०.९५८, ०.९२६, ०.८८३, ०.८२६, ०.७५३, ०.६६२, ०.५४८, ०.४१६, ०.२९६, ०.२१५, ०.११९, ०.०४६, ०.०१३७, ०.००३५, आणि पंधराव्याला ०.००२८ च्या बरंच खाली. म्हणजे १४.३ पायऱ्या. रिबॉयलरची एक वजा केली की कॉलममध्ये १३.३. फीड दहाव्या पायरीवर, कारण नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये द्रव ०.२७३ ओलांडतो.

तुमच्या १.६ रिफ्लक्सला हाच वक्र १२.३ पायऱ्या देतो. म्हणजे तुमचे १३ फार लांब नाहीत, पण दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतायत म्हणून. १.६ वरून १.३ वर आलात की दोन पायऱ्या वाढतात आणि वाफ ६५.६ वरून ५८ किलोमोलवर येते. ताशी सव्वाशे किलोच्या आसपास स्टीम कायमची वाचते. दोन पायऱ्यांचं लोखंड एकदाच घ्यायचंय.

आता तळाच्या ०.५ टक्क्यांकडे या, तिथे खरी गोम आहे. ०.५ टक्के म्हणजे ताशी ६ किलो मेथॅनॉल पाण्यात. वर्षाला ८००० तास धरले तर ४८ टन. शिवाय एक किलो मेथॅनॉलला १.५ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण) जाणाऱ्या पाण्याचा नुसता मेथॅनॉलचा सीओडी (त्याच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) ७५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. तेच ०.१ टक्का ठरवलं तर वर्षाला साडेनऊ टन आणि सीओडी १५००. त्यासाठी किती पायऱ्या? एक. तळाशी वक्र इतका उभा आहे की दर पायरीला मेथॅनॉल जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतं. उलट वरचं ९९ चं ९९.८ करायला गेलात तर त्याच रिफ्लक्सला चार-पाच पायऱ्या जास्त लागतील. खाली कंजुषी करू नका, आणि वर प्रोसेसला खरंच किती शुद्ध लागतं ते क्यूसीला (गुणवत्ता तपासणीवाल्यांना) विचारा.

---

डाउनकमर

पायऱ्यांचं वर बरोबर सांगितलंय. माझा आक्षेप त्या ७० टक्क्यांवर. ओ'कॉनेलच्या संबंधात (१९४६ चा आहे, पण अजून पहिला अंदाज त्यावरूनच घेतात) बाष्पशीलता गुणिले द्रवाची स्निग्धता लागते. इथे ४.३ × ०.३५ सेंटिपॉइज म्हणजे १.५. त्यावरून कार्यक्षमता येते ४५ टक्के. स्वच्छ द्रवाला आणि चांगल्या ट्रेला याहून जास्त मिळते हे खरं. पण ६०० मिमीच्या ट्रेवर दोन्ही बाजूंचे डाउनकमर (द्रव खालच्या ट्रेवर उतरवणारे कप्पे) वजा जाता द्रवाला चालायला जेमतेम ४०० मिमी उरतात, त्यामुळे मोठ्या ट्रेवर आडव्या प्रवाहाचा जो फायदा मिळतो तो इथे विसरा. १३.३ भागिले ०.४५ म्हणजे ३० ट्रे. तळ ०.१ टक्क्यावर न्यायचा तर ३२. तुमच्या २० ट्रेच्या कोटेशनमध्ये वरचं मेथॅनॉल ९९ ला टिकवायला ऑपरेटर रिफ्लक्स वाढवत बसेल आणि मग कॉलम फ्लड होईल (वाफ द्रवाला खाली उतरू देणार नाही).

व्यासाचं: वर वाफ ताशी १८४५ किलो. दोन ट्रेंमध्ये ४५० मिमी अंतर धरलं तर फ्लडिंगचा वेग साधारण २.१८ मी. प्रति सेकंद, त्याच्या ८० टक्क्यांवर चालवायचं आणि डाउनकमरची जागा सोडायची. व्यास ६०६ मिमी येतो, म्हणजे ६५० घ्या. ६०० नको.

---

थेंबथेंब

एवढ्या व्यासाला ३० ट्रे? आत माणूस उतरू शकत नाही, म्हणजे कार्ट्रिज ट्रे आले, त्यांची भिंतीलगतची सीलं आली, आणि दर शटडाउनला अख्खी चवड बाहेर ओढणं आलं. शिवाय दर ट्रेला ६-७ मिलिबार धरले तरी ३० ट्रेचा दाबघट २०० मिलिबार होतो आणि तळाचं तापमान पाचेक अंशांनी वर जातं. पत्र्याचं स्ट्रक्चर्ड पॅकिंग, २५० चौ.मी. प्रति घनमीटरवालं, टाका.

कुरकुंभ समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे, हे वर कुणी धरलं नाही. तिथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. वरचं तापमान ६४.५ नाही, ६३ च्या जवळ दिसेल. पाणी ९८ ला उकळेल. वाफेची घनता १.१५ ऐवजी १.०८ किलो प्रति घनमीटर. ६०० मिमीत वेग १.६७ मी. प्रति सेकंद, एफ-फॅक्टर (वेग गुणिले वाफेच्या घनतेचं वर्गमूळ) १.७४. या पॅकिंगला वातावरणाच्या दाबाला २ पर्यंत बिनधास्त चालवतात, म्हणजे पॅकिंग घेतलं तर ६०० मिमी पुरतं. गंमत म्हणजे तळाला वाफेचं आकारमान जास्त असूनही एफ-फॅक्टर कमी येतो (१.३ ते १.४), कारण तिथे हलकी पाण्याची वाफ आहे. व्यास वरचं टोक ठरवतं.

उंची: वरच्या भागात एका पायरीला ०.४ मी. धरा. खालच्या भागात ०.६ धरा, कारण पाण्याचा पृष्ठताण जास्त, पत्रा नीट भिजत नाही आणि तिथे अडथळा मुख्यतः द्रवाच्या बाजूने असतो. पुस्तकातला ०.३५ चा आकडा प्रयोगशाळेतल्या सेंद्रिय मिश्रणाचा असतो, तो पाण्याला लावू नका. वर साडेनऊ पायऱ्यांना ३.८ मी. अधिक पाव हिस्सा, म्हणजे ५ मी. खाली ०.१ टक्क्यासाठी पाच पायऱ्या, ३ मी. अधिक थोडं, म्हणजे ३.५ ते ४ मी. मध्ये फीड आणि पुन्हा वाटप.

आणि आता तो भाग, ज्याच्यावर खरेदीवाले पैसे वाचवायला बघतात: डिस्ट्रिब्युटर, म्हणजे द्रव पॅकिंगवर सारखा पसरवणारं भोकांचं ताट. वर रिफ्लक्स ताशी १०४३ किलो, म्हणजे १.३८ घनमीटर. ६०० मिमीत ३० थेंबबिंदू हवेत. एकेका भोकातून ताशी ४६ लिटर. १०० मिमी उंचीचा द्रव धरला तर भोक ४.४ मिमी येतं. आता कॉलम निम्म्या लोडवर चालवा: प्रवाह उंचीच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून द्रवाची उंची १०० वरून २५ मिमीवर येते. अशा वेळी ताट एका बाजूला ६ मिमी कललेलं असलं तर एका कडेची भोकं दुसऱ्या कडेपेक्षा साधारण १२ टक्के जास्त ओततात. पाच मीटर पॅकिंग विकत घेऊन तीन मीटरचं काम मिळतं ते असं. ताट २ मिमीच्या आत समतल हवं, आणि कॉलम उभा केल्यावर मोजायचं, वर्कशॉपमध्ये नाही. व्हेंडरच्या अंगणात पाण्याची चाचणी मागा: प्रत्येक भोकाखाली भांडं ठेवून एक मिनिट धरायचं. आधी गाळणी, ३ मिमीची जाळी, रिफ्लक्स लाइनला. ४.४ मिमीचं भोक वेल्डिंगच्या एका खड्याने बुजतं.

---

कुरकुंभकर

खूप उपयोगी. रिफ्लक्स १.३, तळ ०.१ टक्का, एवढं पक्कं केलं. आता दोन गोष्टी. एक: मदर लिकरमध्ये सोडियम क्लोराइड आहे, शिवाय थोडे रंगीत सेंद्रिय अवशेष, जे मेथॅनॉलमध्ये विरघळलेले असतात. पॅकिंगला चालेल? दोन: खाली पाणीच निघतंय, तर रिबॉयलर न घेता थेट स्टीम सोडली तर? मॅनेजमेंटला ते स्वस्त वाटतंय.

---

जुना_प्लांटवाला

पहिल्या प्रश्नाने डिझाइन बदललं. मेथॅनॉलमध्ये विरघळलेला अवशेष पाण्यात विरघळत नसेल, तर फीडच्या खाली दोन-तीन पायऱ्यांतच मेथॅनॉल ०.२ वरून ०.०५ वर येतं आणि तो चिकट गाळ नेमका तिथे बाहेर पडतो. स्ट्रक्चर्ड पॅकिंगमध्ये तो बसला की निघत नाही. आधी बीकरमध्ये बघा: फीडचं ५०० मिली घ्या, मेथॅनॉल उडवून द्या, गरम असतानाच आणि थंड झाल्यावर असं दोनदा पाहा. गरम असताना स्वच्छ आणि थंड झाल्यावर गढूळ असेल तर त्रास कॉलममध्ये नाही, बॉटम कूलरमध्ये आहे.

गाळ गरमातच पडत असेल तर माझं मत: वर पॅकिंग, खाली ट्रे. खाली ५.३ पायऱ्या भागिले ०.४५ म्हणजे १२ सीव्ह ट्रे, १० ते १२ मिमीची भोकं, भोकांचं क्षेत्र ७-८ टक्के. जास्त ठेवलंत तर खालच्या हलक्या वाफेला ट्रेवरचा द्रव पेलत नाही आणि ट्रे गळतात. ट्रेचा भाग ६५० मिमीचा, एक-दीड मीटरचे फ्लँजवाले तुकडे, प्रत्येक तुकड्याला हात जाईल असं १५० मिमीचं हँडहोल. दाबघटही शंभर मिलिबारच्या आत राहतो.

मटेरियल: क्लोराइड आहे, तापमान ६० च्या वर आहे, म्हणजे ३०४ स्टेनलेस वेल्डजवळ तडकण्याची भीती. वरचा भाग ३०४ एल चालेल, तिथे मीठ पोचत नाही. फीडच्या खाली निदान ३१६ एल, आणि क्लोराइड हजारो पीपीएममध्ये असेल तर तेही पुरत नाही, मग डुप्लेक्सचा (क्लोराइडला जास्त टिकणारं स्टेनलेस) विचार करा. पॅकिंगचा पत्रा ०.१ ते ०.२ मिमीचा असतो, त्याला गंजण्याची मुभाच नाही.

थेट स्टीमचं. रिबॉयलर वाचतो, गाळ बसायला नळ्या राहत नाहीत, हे फायदे खरे. पण जेवढी स्टीम तेवढं पाणी तळाला वाढतं. हिशेब बघा. कंडेन्सर: ५८ किलोमोल × ३५.३ मेगाज्यूल, म्हणजे ५७० किलोवॅट. रिबॉयलरला तोच ५८ चा आकडा पाण्याच्या ४०.६ ने गुणला तर ६५५ येतात, पण ते खरं नाही. मेथॅनॉलची आणि पाण्याची मोलर सुप्त उष्णता वेगळी, म्हणून कॉलमभर वाफेचे मोल सारखे राहत नाहीत. उष्णतेचा ताळेबंद मांडला की रिबॉयलर ५९० किलोवॅट आणि तळाची वाफ ५८ नाही तर ५२ किलोमोल येते. त्यामुळे खालच्या रेषेचा चढ २.१४ वरून २.२७ होतो आणि पायरीचा एखादा तुकडा वाढतो. सिम्युलेटर हे आपोआप धरतो, हातच्या आलेखात तेवढं मार्जिन ठेवा.

तर ५९० किलोवॅट म्हणजे ३ बार गेजची ताशी १००० किलो स्टीम, उष्णतेची गळती धरून १०५०. ती थेट सोडलीत तर ईटीपीकडे १२०० ऐवजी २२०० किलो पाणी जाणार, कंडेन्सेट बॉयलरला परत येणार नाही, आणि मेथॅनॉल तेवढंच घालवायचं तर तळातलं प्रमाण निम्मं करावं लागणार, म्हणजे आणखी एक पायरी. ज्यांच्याकडे पाणी सोडायला मर्यादा आहे त्यांना हे स्वस्त नाही. उभा थर्मोसायफन (पंपाविना द्रव फिरवणारा रिबॉयलर) घ्या. स्टीम १४३ अंश, तळ १०१, फरक ४२. उष्णतावहन गुणांक १००० धरला तर १४ चौ.मी. येतात, मळ धरून १८. ३० घेऊ नका, जास्त मोठा थर्मोसायफन कमी लोडला धापा टाकत चालतो आणि कॉलमचा दाब हलवत ठेवतो.

फीड आणि तळाचं पाणी यांच्यात हीट एक्स्चेंजर घालाच. तळाचं पाणी १०० वरून ४५ वर आणलं तर ७७ किलोवॅट मिळतात आणि फीड ३० वरून ६७ अंशांवर जातं. थंड फीड थेट सोडलंत तर तेवढीच स्टीम रिबॉयलरला जास्त मोजावी लागते. प्लेट एक्स्चेंजर मात्र इथे घेऊ नका, गाळाने आठवड्यात बंद. दोन साधे शेल-ट्यूब, एक चालू एक साफसफाईला.

कंडेन्सर: पाणी ३२ आत, ३८ बाहेर धरलं तर ताशी ८२ घनमीटर लागेल, क्षेत्र ३२ चौ.मी. अधिक मार्जिन, ४० घ्या. त्याच्यामागे चिल्ड वॉटरचा व्हेंट कंडेन्सर, नाहीतर मेथॅनॉल व्हेंटमधून उन्हाळाभर जात राहील आणि ताळेबंद जुळणार नाही.

---

सेटपॉइंट

कंट्रोलचं कुणी बोललं नाही. बहुतेक ठिकाणी थर्मोकपल अगदी वरच्या वाफेच्या नळीत बसवतात आणि त्यावर रिफ्लक्स चालवतात. या मिश्रणात ते निरुपयोगी आहे. शंभर टक्के मेथॅनॉल ६४.५ ला उकळतं, ९५ मोल टक्के ६५ ला. पाच टक्क्यांची घसरण फक्त अर्धा अंश दाखवते. आणि दाब १० मिलिबारने हलला की तापमान पाव अंश हलतं, माल बदललेला नसतानाही. ऑपरेटरला ६३.२ दिसतंय म्हणून तो खूश, टाकीत ९६ टक्के.

वरचे आकडे परत बघा: पायरी ६ आणि ७ च्या मध्ये (०.६६ ते ०.५५) दर पायरीला दोन अंश फरक आहे. पायरी ११ आणि १२ च्या मध्ये (०.१२ ते ०.०५) सहा-सात अंश. कंट्रोल तिथे करा. खालचा थर्मोकपल फीडखाली तिसऱ्या ते पाचव्या ट्रेवर ठेवा आणि तो स्टीम वाल्व्हला जोडा. ट्रेवर बुडलेला असावा, वाफेच्या जागेत नाही. रिफ्लक्स फीडच्या प्रमाणात: एक किलो फीडला ०.५२ किलो. वरचं उत्पादन रिफ्लक्स ड्रमच्या लेव्हलवर. वरच्या पॅकिंगच्या मध्यावर दुसरा थर्मोकपल ठेवा, तो नुसता बघायला. तो चढायला लागला की फीडमध्ये मेथॅनॉल वाढलंय, रिफ्लक्स थोडा वाढवा. दोन्ही टोकांना आपोआप चालणारे तापमान लूप लावले तर ते एकमेकांशी भांडतात, एवढ्या छोट्या कॉलमला नकोच.

आणि फीड ४० टक्के म्हणताय ते रोज ४० असणार का? बॅचप्रमाणे ३० ते ४५ हलत असेल तर मोठी फीड टाकी, निदान एका दिवसाची, हा सगळ्यात स्वस्त कंट्रोलर. फीडची तीन नोझलं ठेवा, दोन पायऱ्या वर आणि दोन पायऱ्या खाली.

---

थेंबथेंब

@जुना_प्लांटवाला, खाली ट्रे, मान्य. पण मग मधल्या डिस्ट्रिब्युटरचं काय? वरच्या पॅकिंगखाली चिमणी ट्रे (वाफ नळ्यांतून वर सोडणारं, द्रव अडवणारं ताट) घेऊन द्रव सरळ पहिल्या सीव्ह ट्रेच्या डाउनकमरमध्ये उतरवा आणि फीडही तिथेच सोडा. गाळवालं फीड भोकांच्या ताटातून न्यायचंच नाही.

---

जुना_प्लांटवाला

बरोबर. फीडची नळी डाउनकमरच्या आत द्रवाखाली बुडवा.

दोन गोष्टी राहिल्या. मदर लिकर कधीच नुसतं दोन घटकांचं नसतं. आधीच्या स्टेपचं टोल्युइन किंवा इथाइल अ‍ॅसिटेट असेल तर ते मेथॅनॉलबरोबर अ‍ॅझिओट्रोप करून (वेगळं न होता एकत्रच उकळणारं मिश्रण) वरूनच येतं, कितीही ट्रे घाला. ते आधीच वेगळं करायला हवं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल असेल तर जास्त खोडकर: पाण्याच्या भागात ते वर पळतं, मेथॅनॉलच्या भागात खाली येतं, आणि फीडच्या आसपास साठत जातं. दोन-तीन दिवस कॉलम नीट चालतो, मग मधलं तापमान डोलायला लागतं आणि एकदम माल बिघडतो. त्यासाठी फीडच्या वर-खाली दोन साइड ड्रॉ नोझलं (मधूनच द्रव काढायची तोंडं) आत्ताच ठेवून ब्लाइंड करा, म्हणजे झाकण लावून बंद ठेवा. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) फीडचा पूर्ण रिपोर्ट घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

सुरू करताना: मेथॅनॉलची वाफ हवेत ६ ते ३६ टक्के असताना पेटते, म्हणजे पट्टा फार रुंद आहे, आणि ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. आधी नायट्रोजनने ऑक्सिजन ५ टक्क्यांखाली आणा, मग तळाला पाणी भरून स्टीम सावकाश सोडा, वरपर्यंत गरम होऊ द्या. मग फीड अर्ध्या दराने, माल न काढता पूर्ण रिफ्लक्स. ड्रम भरत आला आणि फीडखालचा थर्मोकपल जागेवर बसला की मगच माल काढायला सुरुवात, पहिला अर्धा-पाऊण तासाचा माल परत फीड टाकीत. बंद करतानाही नायट्रोजन चालू ठेवा. वाफ थंड होऊन आत व्हॅक्यूम होतो आणि व्हेंटमधून हवा ओढली जाते. ६०० मिमीचा पातळ पत्र्याचा शेल पूर्ण व्हॅक्यूम सोसेल अशा जाडीचा घ्या, ड्रॉइंगवर तसं लिहून घ्या.

---

कुरकुंभकर

बीकरची चाचणी उद्या लावतो, जीसीला सॅम्पल दिलं. व्हेंडरला कळवलेले बदल: वर ६०० मिमी, ५ मी. पॅकिंग, खाली ६५० मिमी, १२ सीव्ह ट्रे, ३१६ एल, रिबॉयलर १८ चौ.मी., कंडेन्सर ४०. फीडची तीन नोझलं, साइड ड्रॉ दोन. डिस्ट्रिब्युटरची पाण्याची चाचणी आमच्या माणसासमोर, हेही लिहिलं. फीडमधल्या क्लोराइडचा आकडा आला की इथेच टाकतो, मग ३१६ एल की डुप्लेक्स ते ठरवू.